स्मोकरचा काटा तपासताना

नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यापासून इथली एक पद्धत मला मनापासून आवडली. पोर्कचा खांदा रात्रभर मंद आचेवर आणि लाकडाच्या धुरावर शिजवायचा आणि सकाळी त्याचे तंतू हाताने सुटे करून खायचे. राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर शिजवतात. आमच्या कॅरी गावापासून दीड-पावणेदोन तासांवर असलेल्या लेक्सिंग्टनमध्ये मात्र खांद्याचाच मान आहे, आणि त्याच्याबरोबर व्हिनेगरमध्ये थोडे टोमॅटो केचप व तिखट घालून केलेला पातळ रस्सा देतात, ज्याला तिथली माणसे नुसते 'डिप' म्हणतात. तिथे दोन-तीनदा खाऊन आल्यावर आपल्या मागील अंगणात हे करून पाहावे असे वाटले आणि गेल्या वर्षी मी उभ्या पिंपाच्या आकाराचा, कोळशावर चालणारा एक स्मोकर घेतला. तळाशी कोळशाची टोपली, त्याच्या वर पाण्याचे रुंद पात्र, त्याच्या वर मांस ठेवायची जाळी आणि सगळ्यांवर घुमटासारखे झाकण, अशी त्याची रचना आहे. त्या झाकणात तापमान दाखवणारा एक गोल काटा बसवलेला होता. पुढचे सगळे त्या काट्यापासून सुरू झाले.

पहिल्या मोठ्या प्रयत्नाच्या वेळी मी सकाळी सहा वाजता साधारण आठ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेतीन किलोंचा हाडासकट खांदा जाळीवर ठेवला आणि संध्याकाळी सातला आठ माणसांना जेवायला बोलावले. दिवसभर झाकणावरचा काटा २४० अंश फॅरनहाइटवर जवळपास स्थिर होता आणि या कामासाठी २२५ ते २५० अंश, म्हणजे १०७ ते १२१ अंश सेल्सिअस, हीच पट्टी योग्य मानली जाते. म्हणून मी निश्चिंत होते. सातला मांसात खिशातला साधा थर्मामीटर खुपसला, तेव्हा आतले तापमान १६८ निघाले. आरोग्याच्या दृष्टीने ते मांस केव्हाच शिजलेले होते, कारण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार पोर्कच्या अखंड तुकड्याला १४५ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरते. परंतु खांद्याचे मांस कामाच्या स्नायूचे असते, त्यात कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन भरपूर असते, आणि ते कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होण्यासाठी तापमान १९५ ते २०५ अंशांपर्यंत जावे लागते, तेही सावकाश. त्या संध्याकाळी पाहुण्यांनी सुरीने कापलेले चिवट तुकडे खाल्ले. ते काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटले.

सप्टेंबरमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांची सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात झाली. रसाचे तापमान, बॉयलरचा दाब, पॅनमधील निर्वात हे मोजणारी उपकरणे नीट चालतात की नाही, हे पाहणे हेच त्यांचे काम होते. मी त्यांना फसलेल्या खांद्याची हकीकत सांगितली. माझा समज असा होता की कोळसा ओलसर होता किंवा मांसच निबर होते. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, तो काटा शेवटचा कधी तपासला होतास?" मी म्हटले, "बाबा, तो नवाच आहे." त्यावर ते म्हणाले, "नवा काटासुद्धा तपासल्याशिवाय आम्ही लाइनवर घेत नव्हतो. कच्चा रस सत्तर ते पंचाहत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा असतो, आणि काटा पाच अंश खोटा बोलला तर पुढची सगळी सफाई बिघडते. आधी काटा खरा कर, मग कोळशाला दोष दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासणी मांडली. मी एक हातात धरायचा थर्मोकपल थर्मामीटर आणि दोन प्रोबचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दांड्यांचा, बिनतारी संच आधीच मागवून ठेवला होता. पहिली परीक्षा बर्फाची. बाबांनी बर्फ फडक्यात घालून लाटण्याने बारीक फोडला, उंच वाडगा काठोकाठ भरला आणि मग त्यात गार पाणी इतकेच ओतले की बर्फाच्या फटी भराव्यात. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो, तळाचे पाणी दोन-तीन अंशांनी कोमट राहते आणि परीक्षा फसते, हे त्यांनी मला बोट लावून दाखवले. दोन मिनिटे थांबून, हलकेच ढवळून, प्रोबचे टोक वाडग्याच्या मधोमध, तळाला किंवा कडेला न टेकवता धरले. थर्मोकपलने ३२.२ दाखवले, बिनतारी संचाच्या एका प्रोबने ३३ आणि दुसऱ्याने ३२. शून्य सेल्सिअस म्हणजे ३२ फॅरनहाइट, तेव्हा तिघेही विश्वासाचे निघाले.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. इथे एक गोष्ट सहज विसरली जाते, ती म्हणजे पाणी सगळीकडे २१२ अंशांना उकळत नाही. उंची वाढेल तसा हवेचा दाब उतरतो आणि दर तीनशे मीटरमागे उत्कलनबिंदू साधारण एक अंश सेल्सिअसने खाली येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे वर आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, आणि बाबांना हा आकडा नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून पाठ होता. कॅरी दीडशे मीटरांच्या आसपास असल्याने इथे २११ अंश फॅरनहाइट यायला हवे होते. थर्मोकपलने २११.४ दाखवले. मग झाकणाच्या आतला नट सोडवून तो गोल काटा बाहेर काढला आणि त्याची दांडी त्याच पातेल्यात धरली. सुई हळूहळू चढत गेली, २११ ओलांडून पुढे गेली आणि २३५ वर थांबली.

चोवीस अंशांचा फरक होता. पहिल्या प्रयत्नाच्या दिवशी मी ज्याला २४० समजत होते ते वास्तविक २१५ च्या आसपास असणार, हे त्या क्षणी स्पष्ट झाले. असा गोल काटा द्विधातूच्या तत्त्वावर चालतो. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांची गुंडाळी केलेली असते, एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, गुंडाळी पिळली जाते आणि सुई फिरते. बांधणी साधी आणि टिकाऊ आहे, पण धक्क्याने किंवा वारंवार अति तापल्याने ती सरकते. काही काट्यांना मागे नट असतो आणि तो फिरवून सुई जागेवर आणता येते. आमच्या काट्याला तशी सोय नव्हती.

बाबांनी तिथेच मला उपकरणांमधला फरक समजावून सांगितला. थर्मोकपलमध्ये दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात आणि दोन टोकांच्या तापमानात फरक पडला की त्यांच्यात अतिसूक्ष्म व्होल्टेज उत्पन्न होते. हा परिणाम सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिला. सर्रास वापरल्या जाणाऱ्या के प्रकारात दर सेल्सिअस अंशामागे ते सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट भरते. टोक बारीक असल्याने आकडा दोन-तीन सेकंदांत येतो. बिनतारी संचातले प्रोब थर्मिस्टरचे असतात. त्यात धातूंच्या ऑक्साइडचा लहानसा मणी असतो आणि तो तापला की त्याचा विद्युतरोध उतरतो. ते रात्रभर मांसात ठेवायला सोयीचे आहेत, पण त्यांच्या दांडीत जिथे तार शिरते त्या सांध्यात पाणी जाऊ देता कामा नये. मी तिसऱ्याच दिवशी एक प्रोब नळाखाली धुतला आणि नंतर तो खोलीच्या हवेत १९० दाखवू लागला. ओलाव्यातून वीज गळते, रोध कमी भासतो आणि उपकरण त्याला उष्णता समजते. त्याच्या जागी नवा प्रोब आणला आणि तेव्हापासून मी प्रोब फक्त ओल्या फडक्याने पुसते.

यंत्र खरे झाले तरी ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरला होताच. झाकणाच्या घुमटातली हवा आणि जाळीवरची हवा एकच नसते. एका रिकाम्या चाचणीत आम्ही दोन्ही ठिकाणी एकेक प्रोब लावला, तेव्हा त्यांच्यात १० ते २० अंशांचे अंतर राहिले आणि तेही सारखे बदलत होते. मांस जाळीवर असते, म्हणून मोजमाप जाळीवरच व्हायला हवे. मग जाळीवरची कोणती जागा जास्त तापते हे पाहण्यासाठी मी पांढऱ्या ब्रेडचे बारा काप जाळीभर पसरले आणि झाकण लावून थांबले. काप बाहेर काढून त्याच क्रमाने ओट्यावर मांडले, तेव्हा कडेचे काप खालून तपकिरी झाले होते आणि मधले जवळपास पांढरेच होते. पाण्याचे पात्र मधोमध असल्याने गरम हवा त्याच्या काठावरून वर येते, म्हणून कडा जास्त तापते. प्रोबने मोजले तर कड आणि मध्य यांत २२ अंश फरक निघाला. हवेचा प्रोब जाळीपासून इंचभर वर, मांसाच्या बाजूला दोन इंच आणि अगदी कडेपासून आत, असा बसवायचे तेव्हा ठरले. मांसाला खेटून ठेवला तर फ्रिजमधून काढलेल्या गार मांसाभोवतीची थंड हवाच तो मोजत राहतो.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी रात्री आम्ही पुन्हा खांदा लावला. स्मोकर घरापासून आणि गॅरेजपासून बराच दूर, मोकळ्यावर ठेवला होता, कारण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. टोपलीत न पेटवलेला कोळसा भरून, मध्ये खळगा करून, त्यात मोजके पेटलेले निखारे ठेवले. जिम मिनियन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत विस्तव आतून बाहेर हळूहळू पसरतो आणि रात्रभर पुरतो. वर हिकरीच्या लाकडाचे चार ठोकळे ठेवले. मांसाला मीठ, मिरपूड, तिखट आणि थोडी साखर चोळलेली होती, त्याबद्दल सांगण्यासारखे अधिक काही नाही.

बाबांनी शंभर पानी वही काढली आणि रकाने आखले: वेळ, हवेचे तापमान, मांसाचे तापमान, स्मोकरच्या तळाशी हवा आत घेणाऱ्या तीन झडपा किती उघड्या, शेरा. कारखान्यात रात्रपाळीला दर तासाला नोंद होत असे, इथे आम्ही अर्ध्या तासाने घ्यायचे ठरवले. वरची झडप पूर्ण उघडी ठेवून सगळे नियंत्रण खालच्या झडपांनी करायचे, कारण वरची झडप दाबली की धूर आत कोंडतो आणि मांस कडवट होते. विस्तवाच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी पडलेला धडा असा की तापमान चढत असतानाच पकडावे. २४० हवे असेल तर २०५ ला झडपा मिटायला सुरुवात करावी. एकदा ते २९० ला पोहोचले की सगळा कोळसा पेटलेला असतो आणि ते खाली आणायला तास-दीड तास जातो. झडप हलवली की पंधरा-वीस मिनिटे हात बांधून बसायचे, हे मला फार जड गेले. दोनदा मी उठले, आणि दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "थांब. आधी केलेल्या बदलाचे उत्तर अजून आलेले नाही."

रात्री दहाला मांस जाळीवर गेले तेव्हा त्याच्या आतले तापमान ३९ होते. प्रोब घालण्यापूर्वी स्पिरिटने पुसून घेतला, आणि तो सर्वांत जाड भागाच्या मध्यावर पोहोचेल पण हाडाला टेकणार नाही, असा घातला. हाडाजवळ आणि चरबीच्या थरात आकडा वेगळाच येतो. बाराला ९२, दोनला १४१. चार ते साठ अंश सेल्सिअस, म्हणजे ४० ते १४० फॅरनहाइट, ही जंतू झपाट्याने वाढण्याची पट्टी. ती चार तासांत पार झाल्याचे पाहून वहीत त्या नोंदीखाली रेघ ओढली.

दोन वाजून वीस मिनिटांनी उशाशी ठेवलेला गजर वाजला. हवेचे तापमान २०८ वर उतरले होते. मी घाईने झाकण उघडायला निघाले, पण बाबांनी अडवले. झाकण उघडले की साठलेली उष्णता निघून जाते आणि नंतर आत घुसलेल्या हवेने विस्तव भडकतो. त्यांनी खालच्या दारातून टॉर्च मारून पाहिले. राखेने कोळशाची जाळी बुजली होती. लोखंडी सळईने जाळी दोनदा हलवली, राख खाली पडली, एक झडप अर्धी जास्त उघडली, आणि तीन वाजता वहीत २३६ ची नोंद झाली. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी हेच घडले असते तर मी झोपून राहिले असते आणि मला कळलेही नसते.

खरी परीक्षा पहाटे सुरू झाली. साडेचारला मांस १५८ वर होते. पाचला १५९. सहाला १६१. आठला १६३. हवा २४० वर ठाम असताना मांस साडेतीन तासांत पाच अंश चढले होते. मला खात्री वाटू लागली की प्रोब बिघडला. बाबांनी आधी थर्मोकपल आणून प्रोबशेजारीच खुपसला आणि त्यानेही १६३ च दाखवले. "दोन वेगळ्या जातीची यंत्रे एकच आकडा सांगतात, तेव्हा तो आकडा मान," असे म्हणून त्यांनी वहीत दोन्ही नोंदी केल्या. इथले लोक या अवस्थेला 'स्टॉल' म्हणतात आणि ती साधारण १५० ते १७० अंशांच्या दरम्यान येते. पूर्वी असा समज होता की कोलॅजन किंवा चरबी वितळताना उष्णता शोषली जाते, म्हणून तापमान अडते. ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की मांसातून पृष्ठभागावर येणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन हे खरे कारण आहे. स्मोकर जितकी उष्णता देतो तितकी पाण्याची वाफ होण्यात खर्ची पडते. मी हे वाचून दाखवताच बाबा म्हणाले की उन्हाळ्यात माठातले पाणी गार राहते ते याच कारणाने, आणि कारखान्यात रस आटवताना वाफेचा सगळा हिशेब याच सुप्त उष्मेवर चालतो. पहिल्या दिवशीच्या १६८ चाही उलगडा मला तेव्हा झाला. २१५ अंशांच्या मंद हवेत ते मांस याच टप्प्यात तासन्‌तास अडकून पडले होते.

उपायही त्याच कारणातून निघतो. सव्वाआठला मांस जाड तपकिरी कागदात घट्ट गुंडाळले, म्हणजे वाफेला वाट उरली नाही. बाहेरचे कवच तोपर्यंत गडद आणि कोरडे झाले होते, म्हणून ते भिजून मऊ पडण्याची भीती कमी होती. दहाला १८१ झाले, बाराला दहा कमी असताना २०१ आणि सव्वाबाराला २०३, म्हणजे ९५ अंश सेल्सिअस.

एका आकड्यावर थांबलो नाही. थर्मोकपलने चार ठिकाणी पाहिले: २०३, २०१, हाडाजवळ २०५ आणि एका टोकाला १९६. त्या टोकाला सुई थोडी अडत होती, बाकी तिन्ही ठिकाणी लोण्यात जावी तशी गेली. पंधरा मिनिटांनी ते टोकही सैल झाले. मग कागदासकट मांस जुन्या टॉवेलांत गुंडाळून रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवले आणि एक प्रोब आतच राहू दिला, कारण विश्रांतीतही ते १४० च्या खाली जाता कामा नये. दोन तासांनी उघडले तेव्हा १७२ होते. मी हाड दोन बोटांनी धरून ओढले आणि ते मांसाचा कणही बरोबर न आणता स्वच्छ पांढरे बाहेर आले. बाबांनी चष्मा पुसून ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

बाबा पोर्क खात नाहीत. त्यांच्यासाठी उरलेल्या विस्तवावर झडपा उघडून कोंबडीच्या तंगड्या लावल्या. कोंबडीला १६५, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, ही सुरक्षिततेची किमान मर्यादा, पण तंगडीचे मांस १८० ला जास्त मऊ होते, म्हणून तिथपर्यंत नेले. त्याच्याही नोंदी वहीत आहेत.

झाकणातल्या भोकात आता वॉशर आणि बोल्ट बसवला आहे. मार्चमध्ये परत जाण्यापूर्वी बाबांनी थर्मोकपलच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि कारखान्यात उपकरणांवर लावत तशी बारीक अक्षरात नोंद केली: बर्फ ३२.२, उकळते पाणी २११.४, तपासणीची तारीख, आणि खाली 'पुढील तपासणी एप्रिल'. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी बर्फ फोडला, वाडगा भरला आणि दोन मिनिटे थांबले. ३२.३ आले. फोनवर सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक आहे, चालेल. लिहून ठेव."